काटा सगळ्यात शेवटी

"पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय," अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की या पुस्तिकेचे लेखक बॉनेट उघडत नाहीत आणि डॅशबोर्डाकडे बघतही नाहीत. विचारतात, "टाकी शेवटची कधी उतरवली होती?" गिऱ्हाईक चक्रावतं. दुखणं पुढे, आणि वैद्यबुवा मागे डिकीत डोकं घालून बसलेले! मीही एकदा असाच चक्रावलो होतो. ते आधी सांगतो, कारण ही प्रस्तावना लिहायचा माझा हक्क तेवढ्या एकाच गोष्टीवर उभा आहे. मी इंजिनिअर नाही, मिस्त्री तर नाहीच. १९५८ सालच्या एका गाडीचा मालक आणि घाटात पेट्रोल संपलेला माणूस, एवढीच माझी पात्रता.

गाडी कोणत्या कंपनीची ते मुद्दाम सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती, माझी होती. टाकीला बाहेरून गंज धरला होता म्हणून मी ती उतरवली, खरवडून घेतली आणि हौसेने काळ्या रंगाचे दोन जाड हात दिले. परत बसवताना खडखड नको म्हणून पट्ट्यांखाली नवं रबर घातलं. काम इतकं देखणं झालं, की शेजाऱ्यांना बोलावून गाडीखाली वाकायला लावलं. पुढच्याच आठवड्यात साताऱ्याला निघालो. शिरवळ मागे पडलं, खंबाटकी सुरू झाला आणि निम्म्या चढावर गाडीने दोन-तीन आचके देऊन मान टाकली. काटा पाव टाकीवर ठाम. त्यामुळे पेट्रोलचा संशयच आला नाही. मी पंप बघितला, कार्बोरेटर उघडला, प्लग काढून पुसले, पुन्हा लावले. दीड-दोन तास असे गेल्यावर एक ट्रकवाला थांबला. त्याने टाकीचं झाकण काढलं, रस्त्याकडेची एक काटकी आत घातली, बाहेर काढली आणि काही न बोलता माझ्यासमोर धरली. काटकी कोरडी होती.

पुण्यात परतल्यावर शहाण्या माणसाने जे करू नये तेच मी केलं. जुन्या बाजारात दोन रविवार घालवून दुसरा मीटर मिळवला आणि बसवला. तोही रिकाम्या टाकीला पाव टाकी म्हणू लागला. तेव्हा कुठे मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कानशीने टाकीवरचा माझा तो लाडका रंग रुपयाएवढ्या जागेत घासून काढला, तिथून चासीपर्यंत हातभर वायर टाकून दोन्ही टोकं आवळली. काटा खाली आला आणि शून्यावर बसला.

"साहेब, दोन्ही मीटर चांगले होते," मिस्त्री म्हणाले. "एक विकून टाका आता."

ती हातभर वायर या पुस्तिकेचं मूळ आहे असं म्हटलं तरी चालेल. त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागलो होतो, की हे सगळं लिहून काढा. त्यांना लिहायचा कंटाळा. मग ते सांगत गेले, मी उतरवून घेत गेलो, त्यांनी दहा वेळा खोडलं आणि शेवटी ही पानं तयार झाली.

काट्याला पेट्रोल दिसत नाही, ही गोष्ट आधी मनात पक्की बसवायला हवी. टाकीत एक फ्लोट तरंगत असतो, पितळेचा, बुचाचा किंवा प्लॅस्टिकचा. तो एका दांडीच्या टोकाला असतो. पातळी वरखाली झाली की दांडीचं दुसरं टोक बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकतं, आणि करंटला तारेचा लांब पल्ला पार करावा लागतो किंवा आखूड. म्हणजे रोध बदलतो. या सगळ्या जोडणीला युनिट म्हणतात. तिथून एकच वायर डॅशबोर्डावरच्या मीटरकडे जाते. परतीच्या वाटेला वायर नसते. टाकी, तिच्या पट्ट्या, बोल्ट आणि गाडीचा पत्रा हीच वाट. काटा मोजतो ते या सबंध वर्तुळातले ओहम. त्यातले किती पेट्रोलचे, किती गंजाचे आणि किती एखाद्या हौशी मालकाने दिलेल्या रंगाचे, हे त्याला कळायचं काही कारण नाही. जे येईल त्याचं तो इमानाने पेट्रोल करून दाखवतो.

इथेच गंमत सुरू होते. जुन्या गाड्यांत मीटरच्या दोन मुख्य जाती आहेत, आणि त्यांचा स्वभाव एकमेकांच्या उलट असू शकतो.

पहिल्या जातीत दोन गुंडाळ्या असतात. एक काट्याला रिकाम्याकडे ओढते, दुसरी भरल्याकडे. टाकीतलं युनिट त्यांच्यातलं पारडं कमीजास्त करतं. बॅटरीचा व्होल्ट थोडा घसरला तर दोन्ही ओढी सारख्याच कमी होतात, म्हणून काटा फारसा बिघडत नाही. पण तो चंचल. खड्ड्यात गाडी आदळली की नाचतो, वळणावर झुकतो. दुसरी जात दोन धातूंच्या जोडपट्टीची. पट्टीभोवती गुंडाळलेल्या तारेतून करंट गेला की ती तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. ही जात सुस्त. चावी फिरवल्यावर काटा सावकाश वर चढतो. आपल्या रस्त्यांवर ही सुस्ती वरदानच, कारण टाकीत पेट्रोल कितीही हिंदकळलं तरी काटा शांत राहतो. स्मिथ्स कंपनीच्या मीटरवाल्या ब्रिटिश गाड्यांत साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ही दुसरी जात आली. त्याआधीच्यांत बहुधा पहिली.

आता ओहमचा हिशेब बघा. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या जनरल मोटर्सच्या अमेरिकन गाड्यांत रिकामी टाकी म्हणजे शून्य ओहम आणि भरलेली म्हणजे नव्वद. स्मिथ्सच्या जोडपट्टीवाल्या मीटरांत याच्या उलट: भरलेल्या टाकीला अंदाजे वीस, रिकामीला अंदाजे दोनशे चाळीस. जर्मन व्हीडीओच्या युनिटमध्ये पुष्कळदा दहा म्हणजे रिकामी आणि एकशे ऐंशी म्हणजे भरलेली. आता कल्पना करा, अर्थिंगच्या वाटेत गंजाने पंचवीस ओहम घुसवले. अमेरिकन गाडीत रिकाम्या टाकीचे शून्याचे पंचवीस झाले, म्हणजे काटा पाव टाकी दाखवणार आणि तुम्हाला घाटात उतरवणार. स्मिथ्सवाल्या गाडीत रिकाम्या टाकीचे दोनशे चाळीसचे दोनशे पासष्ट झाले. कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण टाकी तुडुंब भरा, आणि वीसचे पंचेचाळीस झाल्यामुळे काटा पूर्णच्या बराच अलीकडे थांबेल. मालक पंपवाल्याशी भांडेल, आणखी भरायला लावेल आणि पेट्रोल रंगावरून ओघळेल. दुखणं एकच, एका गाडीत त्याचा उपद्रव तळाला, दुसरीत माथ्याला. माझी गाडी स्वभावाने पहिल्या प्रकारची, हे सांगायला नकोच.

म्हणून वायर काढून बघण्याची जी चाचणी जो तो मित्र सुचवतो, ती अर्धीच सांगितली तर घात करते. टाकीवरची वायर मोकळी सोडल्यावर दुसऱ्या जातीचा काटा रिकाम्यावर पडतो आणि तीच वायर चासीला टेकवल्यावर भरल्यावर जातो. पहिल्या जातीत बहुधा याच्या उलट होतं: मोकळी सोडा, काटा भरल्याच्याही पुढे; टेकवा, काटा रिकाम्यावर. जात न ओळखता चाचणी केलेला माणूस चांगला मीटर फेकून देतो. मी फेकला नाही, विकला, तेवढंच. शिवाय जोडपट्टीच्या मीटरची वायर सरळ चासीला धरून ठेवली तर आतली बारीक तार जळू शकते, म्हणून मिस्त्री मध्ये ठरावीक ओहमचा रेझिस्टर घालतात. आणि ही चाचणी ते कधीही युनिटचं भोक उघडं ठेवून करत नाहीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती डिकीत खाली साचते, आणि तिला ठिणगी पुरते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातकी, हे वाक्य पुस्तिकेत चार ठिकाणी आलं आहे. मी संपादक म्हणून तीन ठिकाणचं काढायला निघालो होतो. मिस्त्रींनी काढू दिलं नाही, आणि आता वाटतं तेच बरोबर होतं.

अर्थिंगची परीक्षा त्यांनी दिली आहे ती मला फार आवडते, कारण तिला एक साधा मल्टीमीटर आणि दोन मिनिटं पुरतात. बॅटरीची वायर सोडा. युनिटची वायर काढा. युनिटचा स्क्रू आणि टाकीचा उघडा पत्रा यांमधले ओहम मोजा. मग त्याच स्क्रूपासून चासीपर्यंतचे मोजा. दोन आकडे सारखे आले तर अर्थिंग चोख. चासीचा आकडा जास्त आला, तर जेवढा फरक तेवढी चोरी पट्ट्यांत आणि बोल्टांत होते आहे. अशा दहा तक्रारींतल्या निम्म्या इथेच मिटतात, असं मिस्त्री म्हणतात. मी मोजदाद ठेवलेली नाही. त्यांच्या गॅरेजच्या बाकावर बसून जे बघितलं ते त्यांच्या म्हणण्याशी जुळतं, एवढंच सांगू शकतो.

त्यानंतर फ्लोट. पितळी फ्लोट सांध्याला पिचतो, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून पेट्रोल आत शिरतं आणि तो बुडतो. टाकी भरली काय, रिकामी काय, काटा तळाशी. बाहेर काढून कानाशी हलवला की आत खुळखुळ ऐकू येते. भोक सापडत नसेल तर फ्लोट गरम पाण्यात बुडवायचा. जिथून बुडबुडे येतील तिथे भोक. पाणी मात्र दुसऱ्या खोलीत तापवून आणायचं, आणि डाख लावण्याआधी आतला थेंबन् थेंब काढून टाकायचा.

युद्धाआधीच्या गाड्यांत बुचाचे फ्लोट असत आणि त्यांवर लाखेचं रोगण. हे प्रकरण आज पूर्वीपेक्षा महत्त्वाचं झालं आहे. आपल्याकडे जुन्या पद्धतीने पॉलिश करणारे सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात, हे बहुतेकांनी पाहिलं असेल. पेट्रोलमध्ये आता मिसळलं जाणारं इथेनॉल म्हणजे तेच स्पिरिट. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात विक्रीला आलं, आणि दोन-अडीच वर्षांत तेच सर्वसाधारण पेट्रोल झालं. शुद्ध पेट्रोलमध्ये सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेलं रोगण या मिश्रणात सुटतं, बूच पेट्रोल पितं आणि जड होऊन खाली बसतं. काटा हळूहळू कमी दाखवू लागतो आणि मालक मीटरला शिव्या देतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. सहा महिने झाकून ठेवलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाशी बसतं आणि युनिटच्या तारेला गंज चढवतं. ज्या गाड्या वर्षातून एकदा रॅलीपुरत्या निघतात, त्यांचे काटे रोज फिरणाऱ्या गाड्यांपेक्षा जास्त बिघडलेले असतात ते यामुळेच.

तारेची झीजही वाचता येते. काटा एका ठरावीक जागी हटकून उडी मारत असेल, तर तेवढ्या भागात तार घासली गेली आहे. मिस्त्रींनी एक जुनं युनिट उघडून मला दाखवलं होतं. वरच्या अर्ध्या गुंडाळीवर कारखान्यातली चमक तशीच होती. खालचा चतुर्थांश आरशासारखा गुळगुळीत. "मालक पाच-पाच लिटरच भरायचा," ते म्हणाले. गाडीच्या टाकीत मालकाचा खिसा असा कोरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

व्होल्टेज स्टॅबिलायझरच्या प्रकरणावर आमचा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. जोडपट्टीच्या मीटरला व्होल्ट बदललेला चालत नाही, म्हणून स्मिथ्सने डॅशबोर्डामागे एक छोटी पत्र्याची डबी बसवली. तिच्यातलीही एक जोडपट्टी सतत उघडझाप करते आणि बारा-चौदा व्होल्टचे सरासरी दहा करून मीटरला देते. ही डबी बिघडली की पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकदम चढतात किंवा एकदम पडतात. दोघे एका वेळी बिघडले, की समजावं दोघांचा रेशनवाला एकच आहे. डिजिटल मल्टीमीटर लावला तर आकडे नाचतात आणि नवशिक्याला वाटतं डबी गेली. ती तशीच वागायला हवी. मिस्त्रींचं म्हणणं, ही डबी काढून टाका आणि तीन पायांचा ७८१० आयसी बसवा. लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या तपकीर गल्लीत तो चहाच्या पैशात मिळतो. माझं म्हणणं, साठ वर्षं चाललेली वस्तू एका संशयावर बाहेर काढू नये. पुष्कळदा डबीचं स्वतःचं अर्थिंग तेवढं सुटलेलं असतं. शेवटी पुस्तिकेत दोन्ही छापलं आहे. आयसी मूळ डबीच्या पोटात बसवायची रीतही आहे, म्हणजे बाहेरून काही बदललेलं दिसत नाही. एक सूचना मात्र ठळक टाईपात आहे आणि तिच्याबद्दल वाद नाही: जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी कित्येकांत बॅटरीचं प्लस टोक चासीला असतं, तिथे हा आयसी चालत नाही.

मूळ रूपाचा आग्रह माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून सोडून देऊ नये. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, पण ती मूळ रूपात असली पाहिजे ही अट आहे. डॅशबोर्ड कापून हिरव्या आकड्यांचा मीटर बसवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

सुट्या भागांच्या गोंधळावरचं प्रकरण मी सगळ्यांना आधी वाचायला सांगेन. कुर्ल्याच्या किंवा नाना पेठेच्या दुकानात मिळालेलं युनिट भोकात नेमकं बसलं म्हणजे ते आपल्या मीटरचं झालं, असं नाही. पाच स्क्रू जुळतात, ओहम जुळत नाहीत. उलट्या स्वभावाचं युनिट बसलं तर पेट्रोल भरत जावं तसा काटा उतरत जातो. हसू नका, मी अशी गाडी पाहिली आहे, आणि तिचा मालक त्या उलट्या काट्याला इतका सरावला होता की दुरुस्तीला नाही म्हणाला.

सगळं नीट झाल्यावरही काटा अर्ध्यावर म्हणजे टाकी अर्धी, असं कुणी लिहून दिलेलं नाही. टाक्या चौकोनी डब्यासारख्या नसतात. दांडी कमानीत फिरते, टाकीच्या भिंती खाली निमुळत्या होतात. पहिली अर्धी टाकी पुरून उरते आणि दुसरी बघता बघता संपते, हा प्रत्येक जुन्या गाडीवाल्याचा अनुभव यातूनच येतो. खालून दगड लागून टाकीचा तळ वर आलेला असेल तर फ्लोट खालपर्यंत पोचतच नाही. आतून सीलर फिरवताना युनिट काढलं नसेल तर दांडी जागच्या जागी चिकटते. त्यावर मिस्त्रींचा इलाज जुन्यातला जुना आहे: टाकी रिकामी करा, पाच-पाच लिटर मोजून भरा, दरवेळी काटा कुठे आहे ते टिपा आणि एका लाकडी पट्टीवरही खुणा करा. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत सीट उचलून टाकीत पट्टीच घालावी लागे. फोक्सवॅगन बीटलला १९६१ पर्यंत काटा नव्हता, रिझर्व्हचा खटका होता. आणि आपल्याकडे बजाज चेतकवाल्यांच्या एका पिढीने ती रिझर्व्हची कळ पायरीपायरीने वळवत आणि स्कूटर कलती करत घर गाठलं आहे. काट्यावाचून गाडी चालते. खोट्या काट्याबरोबर चालत नाही.

पुस्तिकेतल्या उणिवाही सांगायला हव्यात. सहा व्होल्टच्या गाड्यांना दोनच पानं मिळाली आहेत, ती फार कमी आहेत. काही आकृत्या हाताने काढलेल्या असल्यामुळे गुंडाळीची दिशा चटकन कळत नाही. भाषा गॅरेजातली आहे, ती मी सुधारली नाही. 'लूज कॉन्टॅक्ट'ला मराठी शब्द शोधत बसलो असतो तर पुस्तिका निघालीच नसती.

हे सगळं आत्ताच लिहून काढायची घाई का, तेही सांगतो. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत दशकानुदशकं फिरली. शेवटची अशी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेल्या तसे त्यांच्यावर पोट असलेले कारागीरही पांगले. युनिट उघडून त्यातली तार हाताने पुन्हा गुंडाळणारी माणसं गाड्यांच्या आधी संपणार, अशी चिन्हं आहेत. आमच्या मिस्त्रींच्या हाताखाली आज एकच मुलगा आहे, आणि त्याचं लक्ष विजेवरच्या स्कूटरकडे आहे. त्यात त्याची चूक नाही.

पुस्तिकेच्या शेवटी चौदा गाड्यांची लिटर आणि काटा यांची कोष्टकं दिली आहेत. ती सगळी एकेका गाडीवर मोजलेली आहेत, कंपनीच्या पुस्तकातून उतरवलेली नाहीत. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील. पुढची पानं मोकळी ठेवली आहेत ती त्यासाठीच. आपल्या गाडीचं कोष्टक भरा आणि त्याची एक प्रत लेखकाकडे पाठवा. गाडीचं साल, मीटरची जात आणि बॅटरीचं कोणतं टोक चासीला आहे, हे लिहायला विसरू नका. सहा व्होल्टवाल्यांनी तर जरूर पाठवावं, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत त्यांची दोन पानं वाढवता येतील.